उवांचं औषध कुणी आणत नाही

संपादकांचा फोन आला. म्हणाले, "मामा, बालगृहात तुम्ही आयुष्य काढलंत, दिवाळी अंकासाठी चार गोड आठवणी लिहून द्या." मी चौथी पास माणूस. त्यातली चौथी मास्तरांच्या कृपेनं. गोड आठवणी पाहिजे असतील तर जे वर्षातून एकदा येऊन पोरांच्या डोक्यावरून हात फिरवून गेले त्यांना विचारा. त्यांच्याकडं सगळ्या गोडच असतात. माझ्याकडं आहे ते लिहितो. छापायचं नसेल तर सगळंच छापू नका, मधलं तेवढं काढू नका.

नगरहून पारनेरला जाताना रस्त्यापासून आत एक ख्रिस्ती बालगृह आहे. तिथं मी स्वयंपाकी होतो. कागदावर स्वयंपाकी. खरं म्हणजे आमटी करणारा, पाण्याची मोटर चालू करणारा, संडास तुंबला की बांबू घालणारा, पोरांचे केस कापणारा आणि पाहुणे आले की धुतलेला शर्ट घालून पाणी देणारा. माझी बायको रिबका मुलींकडं बघायची. तिथं कामाला जोडपंच घ्यायचे, कारण दोन माणसांना एकच खोली द्यावी लागते. पोरं तिला मावशी म्हणायची आणि मला मामा. एका पाळकसाहेबांनी हसत विचारलं होतं, "रिबकाबाई, मामा आणि मावशी तर भाऊ-बहीण झाले, मग तुम्ही नवरा-बायको कसे?" रिबका म्हणाली, "मग काय आई-बाप म्हनायला लावू? ते शब्द पोरांनी दुसऱ्या कुनासाठी राखून ठिवल्यात." पाळकसाहेब चहा प्यायला लागले.

रिबकाला जाऊन आता आठ महिने झाले. किडनी गेली. एवढंच लिहितो त्याबद्दल.

बाहेरच्या लोकांना वाटतं, अशा ठिकाणी दिवसभर प्रार्थना चालते आणि पोरं हात जोडून बसलेली असतात. प्रार्थना होती, सकाळी थोडी आणि जेवणाआधी आमटी निवायच्या आत उरकणारी. बाकी सगळं काम. साठ पोरं. उजाडायच्या आधी बंब पेटवायचा, त्यात तुराट्या, भुसकट, तुटकी चप्पल, काहीही चालायचं. गावातल्या दोन बाया भाकरी थापायला यायच्या, आमटी माझी. शाळेतून पोरं आली की एक रांग ताटाची आणि दुसरी औषधाची, कारण साठांत चार तरी रोज कान धरून उभी असतात. कुणाचा कान फुटलेला, कुणाला खरूज, कुणी अंथरूण ओलं केलेलं आणि नाव शेजारच्याचं सांगणारं.

हे सगळं चालायला काय लागतं, असं लोक विचारतात. विचारतात आणि उत्तर ऐकायच्या आत केक आणतात.

एका रविवारी पाच दात्यांच्या घरचे वाढदिवस आले. पोरांनी पाच वेळा टाळ्या वाजवून गाणं म्हटलं, ज्यांना जन्मात बघितलं नव्हतं त्यांच्यासाठी. सोमवारी निम्म्या पोरांची पोटं बिघडली आणि डब्यात डाळ नव्हती. त्या पाचांतल्या एकाचा नागापूरला एमआयडीसीत कारखाना होता. मी त्याला सरळ म्हणालो, "साहेब, पुढच्या बारीला केकाऐवजी तूरडाळ आणा की." तो म्हणाला, "अहो मामा, डाळीवर मेणबत्ती कशी लावणार?" गंमत म्हणून नाही बोलला. खरोखर विचार करून बोलला.

दुसऱ्या एकानं पंखे दिले. प्रत्येक पंख्याच्या तिन्ही पात्यांवर त्याच्या वडिलांचं नाव, लाल रंगात. पंखा फिरला की नाव दिसायचं नाही. लाईट गेली, पोरं घामानं चिंब झाली, की नाव दिसायचं. रिबका वर बघून म्हणायची, "देवाच्या घरी लाईट जात नसंल, मग ह्यांचं नाव तो वाचनार कधी?"

जुने कपडे तर पोत्यानं यायचे. टाय, एका पायाचे बूट, नवरदेवाची शेरवानी. शेरवानीचं मी पातेलं उतरवायचं फडकं केलं. त्यातली जरीची तार तापायची आणि हात भाजायचा.

पण इतक्या वर्षांत एकाही दात्यानं उवांचं औषध आणलं नाही. साठ पोरं एका छपराखाली झोपतात म्हटल्यावर पहिली गोष्ट होते ती उवा. देव आहे की नाही यावर माणसं भांडतात, उवा आहेत की नाही यावर कुणी भांडत नाही. आणि तरीसुद्धा कुणाच्या डोक्यात आलं नाही. त्यांच्या डोक्यात उवाच नव्हत्या, दुसरं काय.

रिबका शनिवारी दुपारी लिंबाखाली पाट टाकून बसायची. हातात लाकडी फणी, दोन्हीकडून बारीक दात्यांची. सीताफळाच्या बिया वाटून तेलात कालवून लावायची आणि डोळ्यांत जाऊ नये म्हणून कपाळाला फडकं बांधायची. एकेका पोरीला चांगला वेळ द्यायची. साठ जणांच्या घरात तेवढा वेळ ती पोरगी मावशीच्या गुडघ्यांत एकटी असायची. म्हणून ज्यांच्या डोक्यात काही नव्हतं त्यासुद्धा खाजवत यायच्या. रिबकाला कळायचं. ती फणी फिरवायची आणि म्हणायची, "अगं बया, केवढी ही!" आणि नखावर नख दाबून काहीतरी मारल्यासारखं करायची.

त्यात मंगल होती. पाथर्डीकडची. आई-बाप ऊस तोडायला श्रीरामपूरकडं जायचे. आई उसाच्या फडात साप चावून गेली आणि बापानं पोरीला आमच्याकडं आणून सोडलं. म्हणाला, "हिला कोयता नको. हिला शाळा." वर्षातून एकदा, कारखाना बंद होऊन तोड संपली की भेटायला यायचा. तिसरीतली पोरगी, पण केस कमरेच्या खाली. आईनं कधी कापू दिले नव्हते. बाप आला की आधी वेणी हातात घ्यायचा, वजन केल्यासारखी, मग बोलायचा.

आता मुख्य सांगतो.

आमच्या सुपरिटेंडंट साहेबांना मी वाईट माणूस म्हणणार नाही. धान्य संपलं की स्वतः गावोगाव फिरायचे. पण त्यांना एक मोठी काळजी होती, परदेशातल्या संस्थेची. धान्य, शाळा, आमचे पगार, बरंचसं तिकडून यायचं. दर वर्षी पोरांचे फोटो पाठवायचे, पोरांनी फळ्यावरून उतरवून पत्रं लिहायची. तिकडची माणसं फोटो बघून पोर निवडायची. गोरी, हसरी, लहान पोरं पटकन निवडली जायची. थोराड पोरं आणि तिरळी पोरं राहून जायची. बाजारात शेळी निवडतात तसं. निवडलेल्यांना नाताळला नवा कपडा यायचा, राहिलेल्यांना नाही. रिबका ते सगळे कपडे एकत्र करून पुन्हा वाटायची आणि साहेबांना सांगायची, "तिकडं कळवू नका. येशूनं भाकरी वाटल्या तेव्हा फोटो बघितले न्हवते."

एका वर्षी संस्थेचं पत्र आलं की जास्त गरज असलेल्या जागी मदत वळवायचा विचार आहे, मार्चमध्ये तिकडच्या एक बाई येऊन पाहणी करतील. सोबत एक पुस्तिका होती. तिच्यात आफ्रिकेतल्या एका ख्रिस्ती बालगृहाचे फोटो. काळी, सुरेख पोरं ओळीनं उभी, पोरगे आणि पोरी सगळ्यांची डोकी बारीक कापलेली.

साहेबांनी ती पुस्तिका दोन दिवस खिशात ठेवली. मग मला ऑफिसात बोलावलं. "याकोब, हे बघ. ही गरिबी. आणि हे आपले फोटो." आमच्या पोरी तेल लावून, दोन-दोन वेण्या घालून उभ्या होत्या. "तूच सांग, कुणाला मदत मिळेल? आपल्या पोरी लग्नाला निघाल्यासारख्या दिसतात."

मी पुस्तिका रिबकाला दाखवली. ती चुलीपाशी बसून बघत राहिली. म्हणाली, "बूट बघा पोरांचे. धूळ न्हाई. तिकडंबी कुनीतरी मावशी हाय." तिनं ते पान फाडून स्वयंपाकघरात भिंतीला चिकटवलं आणि जेवणाआधीच्या प्रार्थनेत त्या पोरांना घेतलं. साहेबांनी डोकी बघितली, तिनं बूट बघितले. मी काय बघितलं? मी माझी नोकरी बघितली.

बाई यायच्या आदल्या दिवशी एका पोराला ताप चढला आणि रिबका त्याला घेऊन नगरला सरकारी दवाखान्यात गेली. साहेब म्हणाले, "याकोब, मशीन काढ. मुलींचे पण घे. उवा आहेतच, कारण खोटं नाही." ते माझं हातमशीन, महिन्याला पोरग्यांचे केस कापायचं. मी म्हणालो, "साहेब, रिबका येऊ द्या." ते म्हणाले, "ती आली की होईल का?" होणार नाही, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. म्हणून मी मशीन काढलं.

लिंबाखाली, तिच्याच पाटावर, मी पोरी बसवल्या. पहिल्या काही रडल्या, पुढच्यांना वाटलं हा काही खेळ आहे. अकरावी मंगल. ती रडली नाही. तिनं विचारलं, "मामा, लई उवा हायत का?" मी म्हणालो, "लई." एकसुद्धा नव्हती. आधीच्याच शनिवारी रिबकानं बघितलं होतं. वेणी खाली पडली तेव्हा आवाज आला. केसांचा आवाज येतो हे मला माहीत नव्हतं. मी ते सगळे केस उचलून बंबात टाकले.

चारच्या गाडीनं रिबका आली. फाटकातूनच तिनं बघितलं. तापाचं पोर मला दिलं, पाटावरच्या बाराव्या पोरीला उठवलं आणि स्वतः बसली. डोक्यावरचा पदर काढला, अंबाडा सोडला.

"घाला मशीन."

"येडी झालीस का?"

"गरिबी दाखवायची हाय ना? मग घाला. माझ्यावानी गरीब कोन हाय? नवरा असला मिळाला."

साहेब पुढं आले. "रिबकाबाई, तुम्ही स्टाफ आहात, तुमचा काय संबंध?"

"आन् तुमच्या मिसेस कुठं हायत? त्यास्नीबी बोलवा. फोटोत त्याबी असत्यात."

साहेबांच्या बाई व्हरांड्यात उभ्या होत्या, त्या आत गेल्या आणि कडी लावल्याचा आवाज आला. मी मशीन हातात धरून उभा. रिबकानं वर बघितलं.

"काय झालं? चालंना?"

"न्हाई चालत माझ्या हातानं."

"माझ्यावर चालंना. मंगलवर चाललं."

ती उठली. बाकीच्या पोरींच्या वेण्या वाचल्या.

दुसऱ्या दिवशी पाव्हणीबाई आल्या. उंच, म्हाताऱ्या, पायात मोजे. बरोबर पुण्याची एक मुलगी होती, त्यांचं बोलणं मराठीत सांगायला. साहेबांनी अकरा पोरी पुढच्या ओळीत उभ्या केल्या होत्या. बाई आल्या तशा दहा पावलं लांब थांबल्या. नाकाला रुमाल लावला.

"त्या विचारतायत," ती मुलगी म्हणाली, "इथे काही साथ आहे का?"

"नाही, नाही," साहेब म्हणाले. "गरिबी आहे."

मुलीनं ते सांगितलं. बाई काहीतरी बोलल्या. "त्या म्हणतायत, गरिबीने केस जातात का?"

साहेबांनी खिशातून पुस्तिका काढली आणि बोट ठेवलं. बाईंनी ती बघितली, मग आमच्या पोरींकडं बघितलं, मग साहेबांकडं. बराच वेळ बोलल्या. पुण्याची मुलगी साहेबांकडं न बघता म्हणाली, "त्या म्हणतायत, तिथल्या शाळेची ती रीत आहे. गरीब असो, श्रीमंत असो, शाळेतली सगळी मुलं केस असेच बारीक ठेवतात. तिथल्या मुख्याध्यापकांच्या मुलीचेही तसेच आहेत."

बाईंनी चहा घेतला नाही. त्यांची साथीची शंका काही गेली नाही. जाताना गाडीत बसून हात पुसले. पुढं पत्र आलं की मदत थांबवत आहोत, आरोग्याची व्यवस्था समाधानकारक नाही.

मला अजून हसू येतं आणि अजून कुठं बघावं कळत नाही. साता समुद्रापलीकडच्या पोरांची शाळेची रीत आम्ही गरिबी समजलो, आमची गरिबी त्यांनी रोग समजला, आणि मधे अकरा पोरींची डोकी गेली.

पण ते एवढ्यावर थांबलं असतं तर मी हे लिहायला बसलो नसतो. केस वाढतात. दहा-बारा दिवसांनी कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप संपलं, आणि मंगलचा बाप आला. पोरीनं डोक्याला रुमाल बांधलेला. त्यानं सवयीनं पाठीमागं हात नेला, वेणी घ्यायला. हाताला काही लागलं नाही. त्यानं रुमाल ओढला.

"कुनाचा नवस?" त्यानं मला विचारलं.

"नवस न्हाई भाऊ. उवा झाल्या हुत्या. लई झाल्या, इलाज न्हवता."

पटत आलं होतं त्याला. फडाजवळ कोप्यांत, पाचटाच्या झोपड्यांत राहणारा माणूस, उवा त्याला माहीत. आणखी दोन मिनिटं गेली असती तर तो चहा पिऊन, पोरीला खाऊ देऊन गेला असता आणि मंगल चौथीत गेली असती.

रिबका भाकरीचं पीठ हाताला तसंच घेऊन बाहेर आली. "उवा न्हवत्या, भाऊ. पाव्हने येनार हुते. पोरी गरीब दिसाव्यात म्हनून ह्यांनी काढले. मी हितं न्हवते."

तो माणूस ओरडला नाही. म्हणाला, "गरीब दिसावी म्हनून? ती हायच की गरीब. आजून किती दिसायची?"

पोरीची पिशवी त्यानं स्वतः भरली. मंगल जाताना मावशीला बिलगली. माझ्याकडं बघितलं नाही. पुढच्या हंगामात ती फडावर मोळ्या बांधत होती असं कळलं.

त्यावरून मी रिबकाशी भांडलो. एक दिवस नाही, वर्षानुवर्षं. "तुझ्या खरं बोलन्यानं पोरीची शाळा गेली. माझ्या खोट्यानं राहिली अस्ती." ती एवढंच म्हणायची, "पोरगी त्याची हाय. त्याला फसवून ठिवायची का?" आणि भांडी घासायला लागायची. मला वाटायचं मी जिंकलो.

मदत थांबल्यावर बालगृह बंद पडेल असं साहेबांना वाटलं होतं. पडलं नाही. आजूबाजूच्या शेतकऱ्यांनी बाजरी आणून टाकली, एकानं दोन वर्षं म्हशीचं दूध दिलं, फोटो कुणी मागितला नाही. पोरं मात्र कमी करावी लागली. आज वीस-बावीस असतील. आता केक आणणारे मोबाईलवर व्हिडिओ काढतात आणि पोरांना सांगतात, पुन्हा एकदा खुश व्हा, नीट आलं नाही. नवे सुपरिटेंडंट परवा घरी आले होते. "मामा, मावशींचा एक चांगला फोटो द्या. त्यांच्या नावानं स्वयंपाकघरासाठी लोकांना आवाहन करू. जरा थकलेला असला तर बरा." मी म्हणालो, थकलेली ती कधी दिसली नाही, तुम्हीच काढून लावा तुमचा.

रिबकाला माती दिली त्याच्या तिसऱ्या दिवशी एक बाई एसटीनं आली. चाळिशीकडची, हातांना कोयत्याचे वण, केसांचा मोठा अंबाडा. मी ओळखलं नाही. अंबाडा बघून ओळखलं.

"मंगल?"

"व्हय मामा."

मी पाणी दिलं. तिनं घेतलं. मग भिंतीवरचं वचन हळूहळू, बोट न लावता वाचलं. मी म्हणालो, "तुला वाचता येतं? तिसरीतच तर गेलीस."

"मावशीनं शिकवलं की. दर साली यायच्या कोपीवर. दोन-दोन दिवस ऱ्हायच्या. वाचून घ्यायच्या, डोकं इंचरायच्या. बाच्या देखत."

दर वर्षी थंडीत रिबका सांगायची, "श्रीरामपूरला चालले." श्रीरामपूरला तिची बहीण आहे. मी विचारलं नाही आणि तिनं जास्त सांगितलं नाही. पिशवीत फणी असायची, मला वाटायचं बहिणीच्या नातींसाठी. ती खोटं बोलली नव्हती. श्रीरामपूरलाच जात होती.

मी ट्रंक उघडून फणी काढली आणि मंगलला दिली. तिनं दात्यांवरून अंगठा फिरवला, पदराला बांधली. उठताना म्हणाली, "मामा, ते मशीन हाय का आजून?"

"कवाच फेकलं," मी म्हणालो.

"बरं केलं," म्हणाली आणि गेली.

फेकलेलं नाही. त्याच ट्रंकेत, फणीच्या खाली होतं, फडक्यात गुंडाळलेलं. झाकण मी लवकर लावलं म्हणून तिला दिसलं नाही. रिबका जिवंत असती तर पीठ लागलेल्या हातानं बाहेर येऊन तिथंच सांगितलं असतं, "खोटं बोलत्यात गं, ट्रंकेत हाय." ती नाही, म्हणून मलाच लिहावं लागतंय. अंक निघाला की एक मंगलच्या पत्त्यावर पाठवा. ती वाचेल. तिला येतं.

आणि बालगृहात कुणी जाणार असाल तर उवांचं औषध न्या. तेल न्या. फणी तिथं आता नाही, ती पण न्या.